हिवाळ्यातील सफर आणि अंगणातील कोंबड्या

कापडाच्या धंद्यातील माणसाचा हिवाळा घरी कमी आणि सफरीत जास्त जातो. लग्नसराई याच दिवसांत असते, उधारीची वसुली याच दिवसांत करावी लागते, इज्तेमे आणि नातेवाइकांची बोलावणीही याच दिवसांत येतात. घराला कुलूप लावून सर्व मंडळी आठ-आठ दिवस बाहेरगावी जातात आणि अंगणातल्या कोंबड्या मागे राहतात. आमच्या मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटाला लागूनच कित्येक घरांच्या अंगणात आठ-दहा कोंबड्या फिरताना दिसतील. त्यांच्या अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती असतो. त्यातून वह्या-पुस्तके येतात, दवाखान्याचा खर्च निघतो, ईदला मुलांच्या हाती चार पैसे पडतात.

या पानावर सुताचे भाव आणि ग्रे कापडाची मागणी यांची चर्चा वाचणाऱ्या बंधूंना कोंबड्यांचा विषय हलका वाटेल. परंतु हाही एक धंदाच होय. त्याचे भांडवल जिवंत आहे एवढाच फरक. कापडाचा तागा गोदामात आठ दिवस पडून राहिला तर त्याला भूक लागत नाही. कोंबडीचे तसे नाही. हिवाळ्यात अंड्यांना गिऱ्हाईक जास्त असते आणि नेमका याच काळात मालक घरी नसतो. म्हणून हा विषय मांडत आहोत. यातील बरेचसे आम्ही नुकसान सोसून शिकलो आहोत.

सन २०१२ च्या डिसेंबरमधील गोष्ट. बऱ्हाणपूरला भाचीचे लग्न होते. घरची मंडळी लग्नानंतर तिथेच थांबणार होती आणि आम्ही तिथून परस्पर सुरतेला जाणार होतो. एकूण सहा दिवसांचा बेत होता. खुराड्यात (आमच्या घरी त्याला दडबा म्हणतात) १४ कोंबड्या होत्या. त्या वर्षी थंडी चांगलीच पडली होती. आम्ही आपल्या समजुतीने मोठी काळजी घेतली. कापडाच्या गाठी पावसापासून झाकण्यासाठी जे जाड प्लास्टिक वापरतात ते खुराड्याच्या चारही बाजूंनी आणि वरून गुंडाळले आणि कडेने विटा ठेवल्या. वारा शिरायला जागा म्हणून ठेवली नाही. गल्लीतील एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला बोलावून सांगितले, "रोज दाणा टाक, पाणी ठेव, सकाळी सोड, संध्याकाळी कोंड. आल्यावर तुला खूश करू." एवढे सांगून आम्ही निघालो.

सुरतेला एका व्यापाऱ्याने पैशासाठी तीन दिवस जास्त बसवले. सहाचे नऊ दिवस झाले. परत येऊन खुराड्याचे दार उघडले तेव्हा आतून असा उग्र दर्प आला की डोळ्यांतून पाणी वाहू लागले. चार कोंबड्या मरून पडल्या होत्या. बाकीच्यांचे डोळे सुजलेले, नाकातून पाणी गळत होते, श्वास घरघरत होता. दाण्याचा डबा रिकामा होता, कारण दाणा सहा दिवसांचाच ठेवला होता. सातव्या दिवसापासून त्या मुलाने आपल्या घरच्या भाकरीचे तुकडे टाकले होते, हे आम्हाला नंतर समजले. त्या वेळी आम्ही संतापून त्याला चार लोकांत बोललो आणि ठरवलेले पैसेही दिले नाहीत. ठरवले तरी काय होते? "खूश करू" एवढेच.

दुसऱ्या दिवशी एक कोंबडी पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी खुराडे कसे आहे, कशाने झाकले होते, खाली काय पसरले होते, हे सर्व विचारले आणि म्हणाले, "शेठ, या थंडीने मेल्या नाहीत. तुम्ही त्यांना कोंडून मारले." पुढील दहा दिवसांत आणखी पाच गेल्या. १४ पैकी पाच उरल्या. घरच्या मंडळींनी शिलाई मशीन घेण्यासाठी दीड वर्षापासून अंड्यांचे पैसे बाजूला ठेवले होते. ते मशीन एक वर्ष पुढे गेले. कोंबड्या त्यांच्या होत्या आणि नुकसान आमच्या हातून झाले, म्हणून भरपाई आमच्यावर होती. तीही आम्ही चुकीच्या रीतीने केली. ते पुढे सांगू.

डॉक्टरांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. पूर्ण पिसे आलेली मोठी कोंबडी आपल्याकडच्या थंडीने सहसा मरत नाही. तिच्या शरीराची उष्णता ४१ अंश सेल्सिअसच्या वर असते, म्हणजे माणसाला ज्याला आपण कडक ताप म्हणू तेवढी ती रोजच असते. पिसे फुलवून ती त्यात हवा धरून ठेवते आणि तीच तिची रजई. उत्तर महाराष्ट्रात पारा ८-१० अंशांवर उतरला तरी कोरड्या जागी, वारा अंगावर न येता, दाटीने बसलेल्या कोंबड्या रात्र सहज काढतात. तिला मारते ती ओल आणि कोंडलेली हवा. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. सर्व पाणी विष्ठेतूनच जाते. शिवाय श्वासातून वाफ निघते. बाहेर थंडी आणि चहूबाजूंनी प्लास्टिक, मग ती वाफ प्लास्टिकला आतून लागून पाणी होऊन खाली टपकते. खालचा भुसा भिजतो, भिजलेल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. हा वायू डोळे आणि श्वासनलिका जाळतो, आणि जळलेल्या नळीत सर्दीच्या रोगाला घर मिळते. आम्ही थंडीपासून वाचवायला गेलो आणि वाफेत कोंडले.

म्हणून बाहेरगावी जाण्यापूर्वी खुराड्याची व्यवस्था अशी असावी की पाठीमागे कोणाला त्यात डोके चालवावे लागू नये. ज्या बाजूने गार वारा येतो, आपल्याकडे बहुधा उत्तर आणि पूर्व, त्या बाजूंना तरटाचे पडदे ठोकून टाकावेत. कापडाच्या गाठींवरचे तरट आमच्या धंद्यात फुकट मिळते. ते वारा अडवते आणि हवा खेळू देते. पडदा छतापर्यंत नेऊ नये. वर सहा बोटे तरी मोकळी जागा ठेवावी, कारण वाफ वर चढते आणि तिथूनच निघून जाते. दक्षिणेची बाजू जाळीची आणि उघडी असावी म्हणजे दिवसा ऊन आत येईल. जाळी बारीक घरांची आणि पक्क्या तारेची हवी. मोठ्या घरांच्या जाळीतून घूस सहज शिरते आणि मांजराचा पंजाही आत पोहोचतो.

खाली तीन-चार बोटे जाडीचा कोरडा भुसा किंवा भाताचे तूस घालावे. सॉ-मिलमधील लाकडाचा भुसा स्वस्त पडतो. निघण्याच्या आदल्या दिवशी जुना काढून नवा घालावा आणि त्यात मूठ-दोन मूठ चुना मिसळावा. भुसा ओला आहे की कोरडा याची परीक्षा सोपी आहे. मूठभर घेऊन दाबावा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओला, भुरभुरला तर ठीक. दुसरी परीक्षा नाकाची. खुराड्यापाशी कोंबडीच्या उंचीइतके खाली बसून वास घ्यावा. उभ्या माणसाला जो दर्प येत नाही तो बसलेल्याला येतो आणि कोंबडीला रात्रभर त्यातच राहायचे असते. पाण्याचे भांडे रात्री आत ठेवू नये. अंधारात कोंबडी पाणी पीत नाही, फक्त लवंडून ठेवते.

आमच्या शहरातील बंधूंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मागावरचे तुटलेले सूत आणि चिंध्या फुकट मिळतात म्हणून काही घरांत त्या खुराड्यात ऊब यावी यासाठी पसरतात. हे कधीही करू नये. धागा कोंबडीच्या बोटांना गुंडाळला जातो, चालताना आवळत जातो आणि बोट काळे पडून गळते. काही कोंबड्या धागा गिळतात. तो अन्नाच्या पिशवीत गोळा होऊन बसतो आणि मग दाणा खाली उतरत नाही. मालक घरी असेल तर लंगडणारी कोंबडी दिसते आणि कात्रीने धागा कापता येतो. मालक सुरतेला असेल तर कोण पाहणार? ज्या धाग्यावर आपली रोजी आहे तोच त्या जिवाला फास ठरतो.

विजेचा बल्ब किंवा शेगडी लावून ऊब देण्याचा विचार माणूस घरात असेल तरच करावा. भुश्यावर बल्ब पडून आग लागायला वेळ लागत नाही आणि कोळशाच्या शेगडीचा वायू बंद जागेत माणसालाही मारतो, तर कोंबडीची काय कथा! मोठ्या कोंबड्यांना याची गरजही नाही. गरज असते ती पिल्लांना. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या जवळपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत न्यावी लागते. आईच्या पंखाखाली ती मिळते, पण आई चरायला निघाली आणि पिल्ले सावलीत गारठली की हाक मारणारे घरात कोणी तरी हवे. म्हणून हिशेब आधी करावा. अंडी उबायला २१ दिवस, त्यापुढे पिल्लांना अंगभर पिसे येईपर्यंत किमान पाच-सहा आठवडे. डिसेंबरच्या अखेरीस लग्नाला जायचे असेल तर ऑक्टोबरच्या मध्यानंतर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवू नये. ती बसूनच राहत असेल तर जाळीदार तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवली की बहुधा खुडूकपणा सोडते.

अंड्यांसाठी दिवा लावणाऱ्यांनीही विचार करावा. कोंबडीला भरपूर अंडी देण्यासाठी १४ ते १६ तासांचा उजेड लागतो आणि डिसेंबरात आपला दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. त्यामुळे काही जण पहाटे दिवा लावून दिवस वाढवतात. ते ठीक आहे. पण दिवा लावण्याची सवय करायची आणि मध्येच आठ दिवस बंद ठेवायचा, याने कोंबडी पिसे झाडू लागते आणि अंडी थांबतात. सफर ठरलेली असेल त्या हिवाळ्यात दिव्याच्या नादी लागू नये. गावठी कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते. त्यातील चार-दोन अंडी हिवाळ्यात कमी झाली तर जगाचे काही बिघडत नाही.

आता दाण्याचा हिशेब. मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. अंगणात चरून ती त्यातील काही भाग मिळवते, पण घर बंद असताना अंगणही बहुधा बंद असते, म्हणून पूर्ण धरावे. १२ कोंबड्यांना रोज सव्वा किलो आणि आठ दिवसांना दहा किलो. पाणी खाद्याच्या दुप्पट, म्हणजे रोज तीन लिटरच्या आसपास, आणि ते दोन भांड्यांत. एक लवंडले तरी दुसरे राहते.

हा दाणा पोत्यात ठेवून "रोज दोन डबे टाक" असे सांगू नये. कोणाचा डबा शिगोशीग, कोणाचा अर्धा. आम्ही आता माल रवाना करावा तसे करतो. रोजचे वजन करून वेगवेगळ्या पिशव्या भरतो आणि प्रत्येक पिशवीवर तारीख लिहितो. जेवढे दिवस तेवढ्या पिशव्या आणि वर तीन जादा. वसुलीला गेलेला व्यापारी ठरल्या दिवशी परतला असे आम्ही आमच्या आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिले आहे. पिशवीत दोन पुड्या असतात. सकाळच्या पुडीत भरडा आणि शिंपल्याचा चुरा, संध्याकाळच्या पुडीत अख्खा मका किंवा बाजरी. अख्खा दाणा सावकाश पचतो आणि पचनाची ऊब रात्रभर मिळते, म्हणून थंडीत संध्याकाळी तोच द्यावा. रिकाम्या पिशव्या फेकू नयेत असे सांगून ठेवावे. परत आल्यावर उरलेल्या आणि रिकाम्या पिशव्या मोजल्या की नऊ दिवसांचा सारा हिशेब समोर येतो. विचारपूस करून कोणाला लाजवावे लागत नाही.

उरलेसुरले अन्न टाकू नये हेही सांगावे. लग्नसराईत गल्लीतून बिर्याणीचा भात येतो आणि मायेने कोंबड्यांपुढे पसरला जातो. तेलकट भात रात्रभरात आंबतो, भुसा भिजवतो आणि घुशींना आमंत्रण देतो.

सांभाळणाऱ्याची वेळ हा सर्वांत मोठा प्रश्न होय. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या आत मगरिब होते. जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. कोंबड्या घड्याळ पाहत नाहीत, उजेड पाहतात. सूर्य मावळू लागला की आपणहून आत जाऊन बसतात. दार लावणारा मात्र शिकवणीतून किंवा पाळीवरून आठ वाजता येतो. मधले दोन तास दार उघडे राहते, कोंबडीला अंधारात दिसत नाही आणि बोका व भटकी कुत्री याच वेळेच्या शोधात असतात. म्हणून ज्याला मगरिबच्या वेळी खात्रीने घरी राहता येते अशाच व्यक्तीकडे संध्याकाळचे काम द्यावे. आमच्या अनुभवाने शेजारच्या एखाद्या खालाजान या कामाला तरुण मुलांपेक्षा चांगल्या. अजान कानी पडताच दार लावायचे, हा नियम त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही. सकाळचे काम मुलाकडे आणि संध्याकाळचे खालाजानकडे असे वाटून दिले तरी चालते. मात्र किल्ली कोणाकडे आणि अंडी कोणी उचलायची हे स्पष्ट असावे. अंडी रोज उचललीच पाहिजेत. पडून राहिलेले अंडे फुटते, कोंबडीला त्याची चव लागते आणि मग ती स्वतःच अंडी फोडून खाऊ लागते. ही खोड जडली की सुटत नाही.

निघण्याच्या दोन दिवस आधी सर्व काम सांभाळणाऱ्याकडूनच करवून घ्यावे आणि आपण बाजूला खुर्ची टाकून नुसते बसावे. बोलू नये. आपण सांगायला काय विसरलो ते त्या वेळी दिसते. आमच्या एका शेजाऱ्याच्या दाराची कडी वर उचलून मग सरकवावी लागते. त्यांना स्वतःला ही सवय इतकी झाली होती की सांगायचे सुचलेच नाही. सुदैवाने हे निघण्याआधी ध्यानात आले.

आता मोबाईल आहे, त्याचाही उपयोग करावा. पण "सब ठीक?" असे विचारले की "सब ठीक" हेच उत्तर येते. त्याऐवजी मगरिबनंतर फोन करून विचारावे, "आज किती आत गेल्या?" आकडा सांगण्यासाठी मोजावे लागते आणि मोजताना सुस्त बसलेली कोंबडी नजरेस पडते.

मजुरीबाबत आमच्याकडून जी चूक झाली ती आमच्या समाजात सर्रास होते. "आल्यावर खूश करू" किंवा "जी अंडी निघतील ती तुझी" असे सांगून काम सोपवले जाते. शरीअतने कामावर लावण्यापूर्वी मजुरी ठरवण्याची शिकवण दिली आहे आणि तिच्यात संदिग्धता नसावी असे उलमा सांगतात. हिवाळ्यात आठ दिवसांत तीन अंडीही निघतील, तीसही निघतील. ही मजुरी ठरलेली म्हणता येणार नाही. रोजचा आकडा ठरवून पैसे द्यावेत आणि अंडी खाण्याची परवानगी वेगळी, खुशीने द्यावी.

दुसरी गोष्ट नुकसानीची. सांभाळायला दिलेली कोंबडी ही अमानत आहे. सांभाळणाऱ्याने हयगय केली नसेल तर मेलेल्या कोंबडीची किंमत त्याच्याकडून घेता येत नाही, हे फिक्हमधील सर्वपरिचित तत्त्व आहे. त्या मुलाने हयगय केली नव्हती. नऊच्या नऊ दिवस तो आला होता, आमचा दाणा संपल्यावर आपल्या आईच्या हातची भाकरी त्याने कोंबड्यांना घातली होती. प्लास्टिक काढायचे की नाही हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि आमच्या भीतीने त्याने ते काढले नाही. डॉक्टरांचे ऐकून आम्ही दवाखान्यातून थेट त्याच्या घरी गेलो. ज्या चार लोकांत बोललो होतो त्यांतील दोघांना सोबत घेतले, माफी मागितली आणि पैसे दिले. त्याच्या आईने भाकरीचे पैसे घेतले नाहीत. जिला बांधून ठेवले, खायला घातले नाही आणि सोडलेही नाही अशा मांजरीमुळे एका स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस आम्ही मदरशात लहानपणीच ऐकली होती. चौदा जीव प्लास्टिकमध्ये बांधून जाताना ती आठवली नाही.

तिसरी परवानगी जबहची. मांजराने ओरबाडलेली, वाचणार नाही अशी कोंबडी जिवंत असतानाच जबह केली तर हलाल, मेली तर मुर्दार. सांभाळणारा मालकाच्या परवानगीअभावी हात लावायला घाबरतो आणि कोंबडी वाया जाते. कअब बिन मालिक (रजि.) यांच्या मेंढ्या सलअ डोंगराजवळ चारणाऱ्या दासीने एक मेंढी मरू लागलेली पाहून दगड फोडून त्याच्या धारेने तिला जबह केले. प्रेषितांना (स.) विचारले असता त्यांनी ती खाण्यास परवानगी दिली. ही हदीस बुखारीत आहे. यावरून निघतानाच स्पष्ट सांगून जावे की जखमी कोंबडी जबह करून आपल्या घरी शिजवावी. परंतु ही परवानगी जखमेपुरतीच द्यावी. आजारी कोंबडी कापू नये, खाऊ नये आणि विकू तर मुळीच नये.

आजाराचा विषय निघाला म्हणून लसीबद्दल थोडे. राणीखेत हा रोग एका आठवड्यात सबंध गल्लीतील खुराडी रिकामी करतो आणि त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि आठ-दहा आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. लसीची बाटली एकदम शंभर-शंभर पक्ष्यांची येते आणि फोडल्यावर तास-दोन तासांत वापरावी लागते, म्हणून दहा-बारा घरांनी मिळून एकाच सकाळी टोचून घ्यावी. शुक्रवारी आमच्याकडे माग बंद असतात, तो दिवस सोयीचा पडतो. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. म्हणून सफरीच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही.

सांभाळणाऱ्याला एवढे सांगून ठेवावे की एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर त्या नाल्यात टाकू नयेत, उघड्या हाताने उचलू नयेत, प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. सुरतेच्या वाटेवर आपल्याला नवापूर लागते. भारतात बर्ड फ्लू प्रथम आढळला तो तिथेच, फेब्रुवारी २००६ मध्ये. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. दोन्ही वेळा पोल्ट्रीवाल्यांना आपल्या डोळ्यांदेखत सर्व पक्षी मारून पुरावे लागले. व्यापारी माणूस अशा गावांतून फिरतो, बाजारात जातो, त्याच बुटांनी घरी येऊन खुराड्यापाशी उभा राहतो. बूट दाराबाहेर काढावेत, हातपाय धुऊन कपडे बदलावेत, मग कोंबड्या पाहाव्यात.

आता आमची राहिलेली चूक. नऊ कोंबड्यांची भरपाई म्हणून आम्ही जानेवारीत बाजारातून आठ नव्या कोंबड्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी जुन्या पाचांत सोडल्या. पंधरा दिवसांत नव्यांचेही डोळे सुजले. सर्दीच्या रोगातून बरी झालेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते, पण रोग आत बाळगून असते आणि नव्यांना देते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. शेवटी जुन्या पाच काढून टाकल्या, खुराडे चुन्याने धुतले, महिनाभर उन्हात रिकामे ठेवले आणि मार्चमध्ये नव्याने सुरुवात केली. नवा पक्षी आणला की तो तीन आठवडे तरी वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या भांड्यांत ठेवावा. सफरीत असताना कोंबड्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवण्याचा मार्ग काही जण सुचवतात. तिथेही हीच अडचण आहे. त्यांच्या कोंबड्यांचे रोग आपल्यांना आणि आपल्यांचे त्यांना लागतात, शिवाय अनोळखी कोंबड्या एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करतात. पंधरा दिवसांहून लांब सफर असेल, उमरा किंवा हजसारखी, तर म्हाताऱ्या कोंबड्या आधी विकून पाच-सहाच मागे ठेवाव्यात. हिवाळ्यात गावठी कोंबडीला भाव चांगला मिळतो.

परत आल्यावर पहिल्या दिवशी काहीही बदलू नये. दाणा तोच, वेळ तीच, सांभाळणाऱ्यालाच एक दिवस अधिक येऊ द्यावे. संध्याकाळी कोंबड्या बसल्या की एकेक हातात घेऊन छातीचे हाड चाचपावे. ते धारेसारखे हाताला लागले तर ती उपाशी राहिली आहे, बाकीच्यांनी तिला खाऊ दिलेले नाही. तिला आठवडाभर वेगळे खाऊ घालावे. अंडी कमी झाली असतील तर सुरी काढण्याची घाई करू नये. माणूस बदलल्याने कोंबडी बिचकते आणि दहा-पंधरा दिवसांत पुन्हा लागास येते.

तो मुलगा आता स्वतः चार मागांचा मालक आहे. सकाळचे काम हल्ली त्याचा धाकटा भाऊ करतो, ठरलेल्या रोजावर. गेल्या हिवाळ्यात आम्ही दहा दिवसांसाठी गेलो आणि बाराव्या दिवशी परतलो. तेरा पिशव्या भरून ठेवल्या होत्या. बारा रिकाम्या, घडी करून खुराड्यावर ठेवलेल्या, आणि एक भरलेली.